पाडव्याला लावलं, गणपतीपर्यंत वाळलं: सनीव्हेलच्या एका अंगणाचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधलं एकमजली घर. पुढचं अंगण ३० फूट बाय २२ फूट, म्हणजे ६६० चौरस फूट, तोंड पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट भिंतीवर. माती चिकण: पावसात चपलेला चिकटून येते, सप्टेंबरात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगणात जुनं लॉन होतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त बर्म्युडा ग्रास, म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. इथे ती तण म्हणून ओळखली जाते आणि तणासारखीच वागते.

घरच्यांना लॉन काढून कॅलिफोर्नियाची देशी झाडं लावायची होती. हेतू दोन: पाण्याचं बिल आणि फुलपाखरं. लॉन काढण्यासाठी पाणीपुरवठा संस्थेकडून मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज वेळेत केला होता. अर्ज मंजूर व्हायच्या आधी लॉन उखडलं तर पैसे मिळत नाहीत आणि बरेच जण इथेच फसतात. ते काम त्यांनी चोख केलं. चुकलं ते कॅलेंडर.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात लॉनवर पुठ्ठे अंथरले, वर लाकडाच्या चिपांचा मल्च टाकला, पुठ्ठ्याला भोकं पाडून १४ रोपं लावली. प्रत्येक खड्ड्यात अर्ध्याला अर्धं कंपोस्ट. ड्रिपचा (ठिबकचा) एकेक एमिटर, म्हणजे पाणी ठिबकणारी तोटी, खोडाला टेकवून. मे महिन्यात सगळं हिरवंगार होतं. गणपती बसले तेव्हा १४ पैकी ९ रोपं मेली होती, आणि जिथे जिथे पुठ्ठ्याला भोक होतं तिथून हरळी वर आली होती.

मेलेली रोपं उपटून पाहिली तेव्हा

रोप मेलं की ते कचऱ्यात टाकतात आणि ‘पाणी कमी पडलं’ म्हणून मोकळे होतात. इथे नऊही रोपं एकेक करून खणून काढली, आणि बरं झालं, कारण नऊ रोपं एका कारणाने मेली नव्हती.

सिएनोथस या निळ्या फुलांच्या देशी झुडपाची तीन रोपं जुलैच्या उकाड्यात आठवडाभरात तपकिरी झाली होती. पानं गळली नाहीत, जागच्या जागी वाळली. जमिनीलगत खोडाची साल नखाने खरवडली तर आतला हिरवा थर नाही. दालचिनीसारखा तपकिरी रंग, आणि हाताला ओलसर बुळबुळीत. मुळ्यांची साल दोन बोटांत धरून ओढली की मोज्यासारखी निघून हातात येत होती. मूळ तळहाताएवढंही पसरलं नव्हतं. कुंडीतून काढलं तेव्हा होता तोच कुंडीचा आकार.

घरात तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा होते, नागपूरकडचे, संत्र्याची बाग सांभाळलेले. तीच साल पाहून ते म्हणाले, “हे तर आमच्या डिंक्यावानी दिसते.” निदान बरोबर होतं. विदर्भातल्या संत्र्याचा डिंक्या आणि कॅलिफोर्नियातली ही मूळकूज, दोन्हीमागे फायटॉप्थोरा गटातल्या बुरशीसारख्या जीवांचा हात. त्याला गरम माती आणि साचलेलं पाणी एकत्र मिळालं की तो मुळांवर तुटून पडतो. इथल्या देशी झुडपांना उन्हाळ्यात कोरडी माती मिळते म्हणून हजारो वर्षं त्यांना त्याच्याशी सामना करावा लागला नाही. गरम आणि ओलं असं एकाच वेळी त्यांच्या डोंगरावर कधी होतच नाही. मुंबई-नागपुरात पावसाळाभर तेच असतं, पण तिथली झाडं त्याला सरावलेली. आणि हेही सांगायला हवं की रोज सकाळी रबरी नळीने प्रेमाने पाणी घालणारे आजोबाच होते. त्यांना दोष नाही. एप्रिलमध्ये लावलेल्या रोपाला उन्हाळ्यात पाणी न घालणं म्हणजेही मारणंच.

बकव्हीट या दुसऱ्या देशी झुडपाच्या दोन रोपांची गोष्ट नेमकी उलटी. बाजूची चिकण माती ओली, आणि मुळांभोवतालची मातीची हुंडी आतून भुकटीसारखी कोरडी. नर्सरीतलं मिश्रण सालीच्या भुशाचं असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही, बाजूने घसरून जातं. भोवतीची चिकण माती ओलावा ओढून धरते आणि भुशाच्या हुंडीकडे सोडत नाही. वरून हात लावला तर जमीन ओली, म्हणून कुणाला शंका आली नाही.

उरलेल्या चार रोपांचे खड्डेच दोषी होते. ओल्या मातीत फावड्याने कापलेल्या भिंती घासून गुळगुळीत झाल्या होत्या, अगदी कुंभाराने हात फिरवावा तशा. आत कंपोस्ट. म्हणजे जमिनीत पुरलेलं मडकंच. त्यात पाणी भरलं की राहणार. कंपोस्ट कुजून खाली बसलं तसं रोपही दोन इंच खाली गेलं आणि खोडाचा गळा चिखलात.

आपल्याकडे खड्डा म्हटला की घमेलंभर शेणखत आणि वर सुपर फॉस्फेट. आंब्या-पेरूला ते योग्यच आहे. इथल्या डोंगरी झुडपांना मात्र कसदार माती नको असते. सिएनोथसच्या मुळांवर तुरीसारख्या नत्र धरणाऱ्या गाठी असतात (जिवाणू वेगळा, काम तेच). मॅन्झनिटा या लालसर सालीच्या झुडपाची मुळं बुरशीशी भागीदारी करून अन्न मिळवतात. खत घातलं तर शेंडा जोरात वाढतो, मूळ मागे राहतं, आणि उन्हाळ्यात तो शेंडा पोसायचा कुणी?

दिवाळी का

मृगाचा पाऊस पडला की रोपं लावायची हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. तत्त्व इथेही तेच: पाऊस सुरू होताना लावा. फक्त इथला मृग दिवाळीच्या सुमाराला निघतो. भूमध्य सागराच्या काठचे प्रदेश, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केपकडचा भाग, ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा आणि कॅलिफोर्निया: या पाच ठिकाणी पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. सनीव्हेलच्या आसपास वर्षाला १४-१५ इंच पाऊस, जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्च या काळातला.

ऑक्टोबरअखेरीस जमीन उन्हाळ्याच्या उबेने अजून गरम असते, हवा मात्र थंडावलेली. दिवस लहान, पानांतून बाष्प कमी उडतं. रोपाला वर काही करायचं नसतं म्हणून ते खाली काम करतं. मूळ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हळूहळू चिकण मातीत शिरतं, आणि उन्हाळा येतो तेव्हा ते कुंडीच्या आकाराच्या बाहेर पडलेलं असतं. पाडव्याला लावलेल्या रोपाला यासाठी जेमतेम सहा आठवडे मिळतात. सोलापूरकडच्या माणसाला हे पटकन कळेल: रब्बीची ज्वारी जशी जमिनीतल्या ओलीवर उभी राहते, तशीच ही झाडं उन्हाळा काढतात. ओल खाली असते, तिथवर मूळ आधी पोचलेलं हवं.

फार लवकरही नको. बे एरियात, म्हणजे सनीव्हेल ज्यात येतं त्या सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या पट्ट्यात, सप्टेंबर हा फसवा महिना आहे. ६ सप्टेंबर २०२२ ला सॅन होझेत पारा १०९ फॅरनहाइटवर गेला होता. दसऱ्याच्या सुमारास देशी झाडांच्या विक्रीचे मेळे भरतात, तिथून रोपं आणावीत, पण सावलीत कुंडीतच ठेवून उकाड्याची शेवटची लाट जाऊ द्यावी. लावायचा काळ दिवाळी ते संक्रांत. फेब्रुवारी चालवून घेता येतो. मार्चच्या मध्यानंतर पुढच्या दिवाळीची वाट पाहिलेली बरी.

हरळी आधी

दुसऱ्या खेपेला सगळ्यात मोठा निर्णय होता तो थांबण्याचा. मेलेली रोपं काढल्यावर त्याच दिवाळीत पुन्हा लावता आलं असतं, पण हरळी जिवंत होती. जिची काशी, म्हणजे जमिनीखालून पसरणारं खोड, फूटभर खोल जाते आणि बोटभर तुकड्यातून पुन्हा फुटते, तिच्यावर पुठ्ठा टाकणं म्हणजे तिला गोधडी पांघरणं. पुठ्ठ्याने साधी थंड हवेची गवतं मरतात, हरळी नाही. म्हणून एक वर्ष जाऊ दिलं. घरच्यांना ते जड गेलं. पण झाडं लावल्यावर त्यांच्या मुळांतून हरळीच्या काशा वेचणं याहून कितीतरी जड गेलं असतं.

वाचलेली पाच रोपं हिवाळ्यातच काढून मागच्या अंगणात हलवली. मल्च गोळा करून बाजूला ठेवला. पुढच्या मे-जूनमध्ये हरळीला मुद्दाम पाणी दिलं, म्हणजे ती जोमात वाढेल आणि काशांमधला साठा वर खर्च करेल. जूनअखेरीला अगदी जमिनीलगत कापली, जमीन फूटभर खोल भिजवली आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत पुरल्या. काळं प्लास्टिक नको: ते स्वतः तापतं, पारदर्शक प्लास्टिक माती तापवतं. चार ते सहा आठवडे सांगतात. समुद्राच्या वाऱ्यामुळे सनीव्हेल कॅलिफोर्नियाच्या आतल्या मोठ्या दरीइतकं तापत नाही म्हणून इथे आठ आठवडे ठेवलं. भिंतीच्या सावलीतल्या तीन फूट पट्टीत याचा उपयोग झाला नाही. तिथे काट्याच्या फावड्याने खणून काशा हाताने वेचल्या. फावड्याच्या पात्याने कापल्या तर एकाच्या दहा होतात.

शेजारच्या लॉनमधून ती परत येणारच होती. त्या कडेला आठ इंच खोल प्लास्टिकची पट्टी उभी पुरली, वर इंचभर कड ठेवून. ती कड मल्चने झाकली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हरळी तिच्यावरून पूल बांधते.

माती, उंचवटे आणि वाफसा

खणण्याआधी ८११ ला फोन, किमान दोन कामाचे दिवस आधी. गॅस आणि विजेच्या लाइनी ते फुकट आखून देतात. इथे गॅसची लाइन अंगणाच्या मधून जात होती, म्हणून एक मॅन्झनिटा चार फूट सरकवावा लागला.

निचरा पाहायला फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून रिकामा होऊ दिला आणि पुन्हा भरला. दुसऱ्या वेळी तासाला अर्धा इंचही पाणी उतरलं नाही. इंचभर तरी उतरायला हवं. म्हणून पायवाटेसाठी खणलेली तीच माती वापरून दीड फूट उंच, सहा-सात फूट रुंद असे दोन लांबट उंचवटे केले. बाहेरून पिशव्यांतली भुसभुशीत माती आणून रचली असती तर वरचं सुकं आणि खालचं चिबड अशी दोन थरांची अडचण पुन्हा उभी राहिली असती. उंचवटे सप्टेंबरात करून ठेवले, बसायला महिना मिळाला. छताच्या पन्हळीचं पाणी पूर्वी सिएनोथसच्या पायाशी पडत होतं. ते पाइपने दोन उंचवट्यांमधल्या सखल भागात सोडलं.

ऑक्टोबरातली चिकण माती विटेसारखी असते आणि जानेवारीतली लोण्यासारखी. दोन्ही वेळा खणू नये. लावण्याच्या तीन दिवस आधी खड्ड्यांच्या जागा सावकाश भिजवल्या आणि वाफसा आल्यावर खणलं. मूठभर माती दाबून गोळा करायचा, अंगठ्याने टोचायचा. फुटला तर वाफसा, दबून चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा.

काय लावलं, किती अंतरावर

उंचवट्यांवर: मॅन्झनिटा ‘हॉवर्ड मॅकमिन’ ३, सात फुटांवर एकेक (चिकण मातीतही तग धरणारी जात म्हणून ती निवडली); सिएनोथस ‘कॉन्चा’ २; क्लीव्हलँड सेज ३; कॅलिफोर्निया बकव्हीट ३. उतारावर कॅलिफोर्निया फ्युशिया ५. सखल भागात डियर ग्रास ४ आणि नॅरोलीफ मिल्कवीड ३. भिंतीच्या सावलीत हमिंगबर्ड सेज ३. एकूण २६. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली; रुईवर जशी पट्टेरी सुरवंटं दिसतात तशीच इथे मोनार्क फुलपाखराची. लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड मात्र नको: ते हिवाळ्यात सुकत नाही आणि मोनार्कवरचा परजीवी त्यावर साठत जातो.

सगळी रोपं एक गॅलनच्या कुंडीतली. पाच गॅलनचं रोप पहिल्या दिवशी शोभून दिसतं, पण त्याच्या मोठ्या पानोऱ्याला पुरेल एवढं मूळ कुंडीबाहेर जायला वेळ लागतो, आणि दोन वर्षांत एक गॅलनवालं त्याला गाठतं. लहान रोपांचा तोटा एवढाच की अंगण ओसाड दिसतं आणि मधे काहीतरी खोचायचा मोह होतो. सात फुटांवरचे दोन काटकुळे मॅन्झनिटा पाहून शेजारी हसले. ती जागा पॉपी या फुलझाडाच्या बियांनी भरली: नोव्हेंबरात पावसाच्या आधी उघड्या मातीवर विरळ फोकून नुसता पंजा फिरवला. पॉपीचं रोप उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही, म्हणून बीच टाकायचं.

लावण्याचा दिवस

कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवली. बकव्हीटवाली चूक टळते ती इथे. खड्डा कुंडीपेक्षा इंचभर उथळ आणि दुप्पट रुंद. भिंती काट्याने ओरबाडून खडबडीत केल्या. रिकामा खड्डा पाण्याने भरून झिरपू दिला. कुंडीत गोल फिरलेल्या मुळ्या बोटांनी सोडवल्या, जिथे जाळं घट्ट होतं तिथे बाजूने तीन उभे काप दिले. हुंडीचा माथा जमिनीच्या इंचभर वर राहील असं रोप ठेवून तीच माती परत, कंपोस्ट नाही, खत नाही. ढेकळं हाताने फोडून दाबली, पायाने नाही. गोफर हा उंदरासारखा प्राणी मुळं खालून खातो, म्हणून खड्ड्यात तारेच्या जाळीची टोपली.

मग आळं. इथे आजोबांनी संत्र्याच्या बागेतली दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली आणि ती जशीच्या तशी लागू पडली: खोडाभोवती लहान उंच वर्तुळ कोरडं, त्याच्या बाहेर दुसरं वर्तुळ, पाणी दोन्हींच्या मधे. फरक एवढाच की पहिले सहा आठवडे आतलं वर्तुळ अगदी अरुंद ठेवावं लागतं, कारण मुळं अजून हुंडीतच असतात. प्रत्येक रोपाला पहिल्या दिवशी तीन गॅलन, म्हणजे साधारण अकरा लिटर, तीन वेळा विभागून.

शेवटी तीन इंच मल्च, खोडापासून चार इंच दूर. पॉपीची जागा सोडून ६०० चौरस फुटांना साडेपाच क्युबिक यार्ड लागला, त्यातला बराचसा आधीचाच. साइडवॉकच्या कडेला माती तीन इंच खाली उतरवली, नाहीतर पहिल्याच पावसात मल्च रस्त्यावर येतो.

पाण्याचं वेळापत्रक

हिवाळ्यात पाणी कशाला, हा प्रश्न सगळे विचारतात. जानेवारीत तीन-तीन आठवडे कोरडे जातात. आठवड्यातून एकदा बोट खुपसून पाहायचं, तेही हुंडीत, बाजूच्या मातीत नाही. तीन इंचांवर कोरडं लागलं तर दोन गॅलन.

ड्रिप ठेवलं, पण प्रत्येक रोपाला तासाला अर्धा गॅलनचे दोन एमिटर. सुरुवातीला खोडापासून चार इंचांवर, फेब्रुवारीत फूटभर बाहेर सरकवले. अडीच तासांत अडीच गॅलन. चिकण माती याहून भरभर पीत नाही, वरून वाहून जातं. अंगणाला व्हॉल्व्ह एकच होता आणि मिल्कवीडची तहान मॅन्झनिटापेक्षा जास्त. त्यामुळे ड्रिपवर फक्त सखल भाग, सावलीची पट्टी आणि फ्युशिया ठेवल्या. फेब्रुवारीनंतर उंचवट्यांवरच्या अकरा झुडपांचे एमिटर बंद करून त्यांना हाताने पाणी. पहिल्या उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी चार गॅलन, पहाटे. उकाड्याची लाट येणार असं कळलं की आदल्या दिवशी. लाट सुरू असताना भर दुपारी मलूल दिसलं म्हणून भिजवायचं नाही. दुपारचं मलूलपण सकाळी ओसरत असेल तर रोप ठीक आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्यापासून सिएनोथस आणि मॅन्झनिटाला बहुधा नाहीच.

दोन पावसाळ्यांनंतर

२६ पैकी २३ जगली. एक बकव्हीट त्याच जानेवारीतल्या कोरड्या आठवड्यांत गेलं. आदल्या महिन्यात पाऊस झाला म्हणून कुणी बोट घालून पाहिलं नव्हतं. एक क्लीव्हलँड सेज गोफरने नेलं, कारण टोपल्या २५ च आणल्या होत्या. तिसरी मिल्कवीड होती, आणि ती मेलीच नव्हती: थंडीत ती जमिनीलगत सुकते आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा फुटते, हे माळ्याला कुणी सांगितलं नाही, त्याने वाळकी काडी म्हणून मुळासकट काढली. आता तिथे रंगवलेल्या खुंट्या आहेत.

सिएनोथस पहिल्या वर्षी हातभरसुद्धा वाढले नाहीत, दुसऱ्या मार्चमध्ये कमरेएवढे होऊन निळे झाले. ते फार तर दहा-पंधरा वर्षं टिकतील; चिकण मातीत त्याहून कमी धरलेलं बरं. मॅन्झनिटा अजून गुडघ्याएवढेच आहेत, पण त्यांची लालसर साल दिसायला लागली आहे. हरळी शेजारच्या कडेने दोन ठिकाणी पट्टी ओलांडून आली, दोन्हीकडे मल्च कडेच्या वर चढला होता. मल्च मागे ओढला आणि तेवढ्या काशा काट्याने काढल्या. येत्या दिवाळीला तीन रोपं भरायची आहेत, फ्युशिया फुलं संपल्यावर डिसेंबरात चार इंचांवर छाटायच्या आहेत, आणि या वेळी टोपल्या मोजून एक जास्त आणायची आहे.